मेडिकलला कसं जायचं

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात बुटाचं एक खोकं आहे. झाकणाला ब्लेडनं पाडलेली फट, आणि वर स्केचपेननं एवढंच : 'नाव लिहू नका.' कॉलेजातली पोरं त्याला 'सरचा डब्बा' म्हणतात आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसतात. वर्षभरात त्यात पन्नास-साठ चिठ्ठ्या पडतात. वहीचा फाडलेला कोपरा, 'आपली बस'चं तिकीट, हॉल तिकिटाच्या झेरॉक्सची मागची बाजू. एकदा तर्री-पोह्याच्या कागदी प्लेटचा तुकडा निघाला. तेल पार मधोमध पसरलेलं, पण अक्षर असं की निबंधाला मी त्या पोराला दहापैकी आठ दिले असते.

मी मराठी शिकवतो. रेड रिबन क्लबशी, म्हणजे कॉलेजातल्या एचआयव्ही-एड्स जागृतीच्या मंडळाशी, माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. प्राणिशास्त्राच्या सरांनी नॅकच्या फायली पुढे केल्या, एनएसएसच्या मॅडम म्हणाल्या पोट्ट्यांसमोर मी कसं बोलू, आणि मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला बोलता चांगलं येतं." भाषेच्या मास्तरांवर कामं पडतात ती याच वाक्यानं. सूत्रसंचालन, निरोप समारंभ, श्रद्धांजली आणि आता एड्स.

पहिल्या वर्षी सगळे करतात तेच मी केलं. एक डिसेंबरला प्रश्नमंजूषा. एचआयव्हीचा फुलफॉर्म? हातच हात. भारतात पहिल्यांदा कुठे आढळला? चेन्नई, १९८६. नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था, कधी स्थापन झाली? १९९२. जागतिक एड्स दिन कधीपासून? १९८८. सर्वांत जास्त रुग्णसंख्या कुठल्या राज्यात? हे मात्र पोरांना आवडलं नाही, पण उत्तर आलं : महाराष्ट्र. यातली निम्मी पोरं अभ्यासिकेत रात्र रात्र बसून तलाठी-पोलीस भरतीची तयारी करणारी. परीक्षेत येऊ शकेल ते सगळं पाठ. माझे प्रश्न संपले, पाहुणे यायचे होते, म्हणून वेळ काढायला मी विचारलं, "आणि नागपुरात तपासणी कुठे होते?"

सगळे गप्प. मग मागून एक आवाज आला, "मेडिकलमध्ये." लगेच दुसरा, "मेडिकलमध्ये नाई बे, लॅबमध्ये."

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे मेडिकल दोन. एक म्हणजे १९४७ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं अवाढव्य रुग्णालय, ज्याच्या नावानं अख्खा चौक ओळखला जातो. दुसरं म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान. त्या पोराला कुठलं म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मेडिकलमध्ये कुठे? आणि ते मला माहीत नव्हतं. कुठली इमारत, कुठलं दार, चिठ्ठी काढावी लागते का, आधार कार्ड मागतात का, पैसे किती. काहीच नाही. "बरोबर, मेडिकल," असं म्हणून मी बक्षिसं वाटून टाकली.

डब्बा त्यानंतरच्या वर्षी आला.

चिठ्ठ्यांतल्या निम्म्या एचआयव्हीच्या नसतातच, हे मला पहिल्याच खेपेला कळलं. खाज सुटते, पांढरं जातं, लघवीला आग होते, दुखते, वाकडं आहे, लहान आहे. हे सगळं पोरं कुणाला विचारत असतील? पानठेल्यावर, किंवा रात्री दोन वाजता मोबाइलला. रेल्वेच्या भिंतीवर चुन्यानं नाव रंगवलेल्या कुठल्या तरी 'हकीम'लाही विचारत असतील. सरकारी रुग्णालयात याच कामासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, लक्षणांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत गोळ्या मिळतात आणि फुकट मिळतात, हे मलाही चाळिशी उलटल्यावर कळलं. अंगावर काढलेली जखम किंवा गुप्तरोग असला की एचआयव्हीला आत शिरायला वाट सोपी होते. म्हणजे ती खाज नुसती खाज नसते. पण खाजेवर भाषण कोण ठेवणार? बॅनरवर काय छापणार?

बाकीच्या चिठ्ठ्यांचे ठरावीक प्रकार. डास चावल्यानं होतो का, हा दरवर्षी असतो. होत नाही. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एकच टॉयलेट वापरल्यानं होत नाही. 'दोन कंडोम एकावर एक घातले तर डबल सेफ ना?' नाही, घासून दोन्ही फाटायची भीती जास्त. 'आम्ही दोघंही पहिल्यांदाच, मग काय टेन्शन?' ह्याला मी उत्तर देतो की पहिल्यांदाच हे तुला तुझ्याबद्दल माहीत आहे. यावर मुली हसतात, मुलं नाही.

एक चिठ्ठी अशी होती : 'मुलगा मुलासोबत असेल तर कंडोम कायले? प्रेग्नंट तर होणार नाही.' ही मी त्या वर्षी वाचून दाखवली नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात टाकली. समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ३७७चा निकाल सप्टेंबर २०१८मध्ये लागून गेला होता, वर्गात त्यावर मी स्वतः बोललो होतो, स्वातंत्र्य वगैरे शब्द वापरले होते. पण इथे प्रश्न साधा होता, आणि त्याचं उत्तर होतं की बाबा, तिथे धोका उलट जास्त आहे, आतली त्वचा नाजूक असते, कंडोम आणि पाण्यात विरघळणारं जेल दोन्ही हवं. हे उच्चारायला माझी जीभ वळली नाही. पुढच्या वर्षी मी तो प्रश्न स्वतःहून घेतला. ज्यानं लिहिला होता तो तोवर डिग्री घेऊन निघून गेला असणार.

आणि बहात्तर तास.

हे मला फार उशिरा लक्षात आलं. आमच्या पोरींना 'बहात्तर तास' हे दोन शब्द माहीत असतात. जाहिरातींनी शिकवलेत. मेडिकलमध्ये, म्हणजे दुकानात, जाऊन गोळीचं नाव घ्यायचीही गरज पडत नाही. 'ती बहात्तर तासवाली' म्हटलं की दुकानदार समजतो. ती गोळी गर्भ राहू नये म्हणूनची. तिनं एचआयव्ही रोखला जात नाही, दुसरा कुठला संसर्गही नाही. पण दुसरेही एक बहात्तर तास असतात आणि ते कुणालाच माहीत नसतात. असुरक्षित संबंध आला, कंडोम फाटला, कुणी बळजबरी केली, तर त्यानंतर बहात्तर तासांच्या आत एचआयव्हीविरोधी औषधं सुरू करता येतात. जितकी लवकर तितकी बरी, काही तासांत मिळाली तर उत्तम. अठ्ठावीस दिवस घ्यायची. त्याला पेप म्हणतात. दोन्हींचे तास सारखे, पण एकाची जाहिरात टीव्हीवर येते आणि दुसरं सरकारी रुग्णालयात जाऊन विचारावं लागतं. मी वर्गात फळ्यावर '७२' लिहून खाली दोन बाण काढले, तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे सर, ती घेतली तरी..." आणि तिथेच थांबली. वाक्य तिनं पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

झोप उडवणारी चिठ्ठी मात्र वेगळीच. 'सर ब्लड डोनेशन केलं तर ते लोक एचआयव्ही चेक करतेतच ना. मग तसंच करून घेतलं तर चालते ना. कोणाले सांगाव लागत नाई.'

नागपुरात रक्तदान शिबिरांना तोटा नाही. नेत्याचा वाढदिवस, महापुरुषाची जयंती, कॉलेजचा वर्धापनदिन. कॉफी, बिस्किटं, प्रमाणपत्र, बाटलीसोबत फोटो. पोरानं लढवलेली युक्ती ऐकायला बिनतोड वाटते. दान केलेलं रक्त तपासतात हे खरंच : एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. पण विषाणू अंगात शिरल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत मध्ये काही काळ जातो. डॉक्टर त्याला विंडो पिरियड म्हणतात. त्या काळात रिपोर्ट साफ येतो आणि रक्तात विषाणू असतो. म्हणजे ज्याला शंका आहे तोच पोरगा, शंका आहे म्हणूनच, बाटली भरून देऊन येणार. आणि ती बाटली आपल्या विदर्भात कुणाला लागते? सिकलसेलच्या लेकरांना, थॅलेसेमियाच्या लेकरांना, ज्यांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं. शिबिरात फॉर्मवर हे प्रश्न असतात, नाही असं नाही. पण पाठीमागे मित्र उभे, मोबाइलवर व्हिडिओ चालू, अशा रांगेत त्या रकान्यापुढे खरी खूण कोण करणार?

आता प्रत्येक शिबिराच्या आदल्या दिवशी मी वर्गांत जाऊन एवढंच सांगतो : तपासायचं असेल त्यानं इथे येऊ नका, माझ्याकडे या. प्राचार्य एकदा म्हणाले, असं सांगितलं तर बाटल्या कमी होतील. झाल्या असतील.

पोस्टरचं सांगायचं राहिलं. ते टाळत होतो.

अगदी सुरुवातीच्या वर्षी आम्ही पोस्टर स्पर्धा घेतली होती. कवट्या, साप, फास, अंधाऱ्या विहिरीत पडणारा माणूस. पहिलं बक्षीस मी ज्याला दिलं त्यात एड्स-जागृतीची खूण असलेल्या लाल फितीचाच गळफास केला होता आणि खाली रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत 'एड्स म्हणजे मरण' असं होतं. रेखाटन खरोखर चांगलं होतं. मी परीक्षकाच्या भाषणात 'प्रतिमेची ताकद' असं काहीतरी बोललोही. ते पोस्टर आम्ही दर्शनी भागात लावलं, जिन्याखाली, सगळ्यांची ये-जा तिथूनच. स्टुलावर चढून खिळे ठोकायला क्लबमधलाच एक पोरगा होता, भंडारा रोडकडच्या एका गावचा, शब्दाला धावणारा.

चार-पाच वर्षांनी तो भेटायला आला. नोकरी लागली होती, पेढे आणले होते. चहा झाल्यावर म्हणाला, "सर, ते पोस्टर आठवते का? खिळे मीच ठोकले होते." मी हो म्हटलं, हसलो. मग तो म्हणाला, "माझी आई तेव्हा औषधावर होती. अजून हाय."

मेडिकलहून महिन्याचं औषध आणायची. तो सातवीत असल्यापासून. बाप गेला होता. आई शेतात जायची, निंदण-खुरपण करायची, लग्नाकार्यात पंगतीला वाढायची. गावात कुणाला पत्ता नाही. पोराला माहीत होतं, कारण औषध संपत आलं की पुढची खेप कधी ते कॅलेंडरवर गोल करून ठेवायचं काम त्याचं. ही औषधं २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते. नियमित घेतली की रक्तातला विषाणू मोजणीत सापडणार नाही इतका दबतो, आणि तसा दबलेला राहिला तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. आयुष्य इतरांसारखंच जाऊ शकतं. हे सगळं त्या पोराला पहिल्या सेमिस्टरला माहीत होतं, आणि मला, क्लबच्या प्रमुखाला, नव्हतं. तो स्टुलावर उभा राहून 'एड्स म्हणजे मरण' नीट सरळ लागलंय का ते मला विचारत होता, आणि मी खालून सांगत होतो, डावीकडे थोडं वर घे.

"तेव्हाच बोलला का नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही बक्षीस दिलं होतं ना सर."

भीती घातली की पोरं जपतील, असा आपला जुना हिशोब आहे. भ्यायलेला माणूस तपासायला जात नाही, एवढाच त्याचा परिणाम मी पाहिला. देशात आज साधारण पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. आणि अजूनही पुष्कळांच्या डोक्यात एड्स म्हणजे गंगाजमुना, म्हणजे इतवारीकडची ती वस्ती. आपण भले घरचे, आपला काय संबंध. एका समुपदेशक मॅडमनी मला सुनावलं होतं, "तिथल्या बाईला गिऱ्हाइकासमोर कंडोमचं नाव घ्यायला लाज नाही वाटत. तुमच्या इंजिनिअरिंगच्या पोट्ट्याला वाटते." मी म्हटलं, आमचं आर्ट्स कॉलेज आहे. त्या म्हणाल्या, मग तर बोलूच नका.

लाज येते ती शब्दांपाशी, हे मराठीचा मास्तर म्हणून मला रोज दिसतं. एकीकडे शिव्या, दुसरीकडे संस्कृत. चावडीवरचं आणि पाठ्यपुस्तकातलं यांच्या मध्ये बोलायला जागाच ठेवलेली नाही. दहावीच्या विज्ञानात धडा आहे, तो बहुतेक शाळांत 'घरी वाचा' म्हणून सुटतो. २००७ साली महाराष्ट्रानं शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला मनाई केली होती. त्याच सुमारास जन्मलेली पोरं आज माझ्यासमोर बसतात. आणि हे सगळं त्या भाषेत, जिच्यात र. धों. कर्वे १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक काढत होते. वाचकांनी विचारायचं, कर्व्यांनी सरळ मराठीत उत्तर द्यायचं. अशाच उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर खटला झाला, आणि त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला ते हरले. म्हणजे माझा बुटाचा डब्बा काही नवी गोष्ट नाही. नव्वद-शंभर वर्षांपूर्वी तो छापून पोस्टानं घरोघर जात होता.

कंडोमबद्दल एक खास नागपुरी गोष्ट सांगून पुढे जातो. हॉस्टेलच्या गल्लीतला दुकानदार ते पाकीट अजूनही कालच्या पेपरात गुंडाळून देतो, वर काळी पन्नी. पोरगं ते घेतं आणि सरळ गाडीच्या डिक्कीत टाकतं, कारण घरी कुठे ठेवणार? आता मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत काय होत असेल? मी वर्गात विचारलं, डिक्कीत चॉकलेट ठेवता का? सगळे नाही म्हणाले. रबर उष्णतेनं खराब होतं, पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवलं तरी होतं, खोबरेल तेल लागलं की कमकुवत होतं, आणि पाकिटावर तारीख असते. या एका माहितीवर पोरांनी जितक्या वह्या उघडल्या तितक्या त्यांनी माझ्या संतसाहित्याच्या तासाला कधी उघडल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एक पोरगा तास संपल्यावर मागे रेंगाळला. "सर, मले एका मित्राचं विचाराचं होतं."

मी म्हटलं विचार. मित्राचं सगळं सांगून झालं. मित्र घाबरला होता, मित्राला झोप नव्हती, मित्रानं नेटवर वाचून स्वतःला ताप आल्याचं ठरवलं होतं. किती दिवस झाले? "वीस-बावीस." मी फळ्याकडे पाहिलं. फळा पुसलेला होता, पण माझ्या डोळ्यांसमोर ते दोन बाण होते.

"मित्राला घेऊन जातो मी," मी म्हटलं, "उद्या सकाळी." तो जरा वेळ बुटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मेयोले नको सर. तिथं मावशी सिस्टर हाय." मेयो म्हणजे शहरातलं दुसरं मोठं सरकारी रुग्णालय. ते घरापासून दहा मिनिटांवर असूनही आम्ही शहर ओलांडून मेडिकलला गेलो. कॉटन मार्केटच्या गर्दीतून, पावसात, माझ्या स्कूटरवर, एक शब्द न बोलता. मित्र कुठे आहे, हे मी विचारलं नाही.

खोली मला आता माहीत आहे. पाटीवर लिहिलेलं असतं, एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र; सगळे आयसीटीसी म्हणतात. आत एक टेबल, दोन खुर्च्या, रजिस्टर, भिंतीवर तक्ते, आणि टेबलावर स्टँडवर उभं केलेलं एक लाकडी लिंग, कंडोम कसा चढवायचा ते दाखवायला. त्याच्या बाजूलाच मॅडमचा जेवणाचा डबा. त्या डब्याचं मला का कुणास ठाऊक फार बरं वाटलं.

मॅडमनी मला बाहेर काढलं. "तुम्ही नेऊन सोडलं, झालं तुमचं काम. आत तो एकटाच बसेल." आत काय बोलणं झालं त्यातलं एकच त्यानं नंतर स्वतःहून सांगितलं. मॅडमनी विचारलं, शेवटचे संबंध कधी आले? आणि हा घाबरून म्हणाला, "मॅडम, माझे सगळ्यांशी संबंध चांगलेच हायेत." मॅडम म्हणे दोन मिनिटं हसत होत्या. मग तोही हसला, आणि मग सगळं सांगितलं.

संमतीच्या कागदावर सही, मग रक्त. पहिली चाचणी साफ निघाली तर तसा रिपोर्ट देतात. नाही निघाली तर आणखी दोन वेगळ्या किटनी तपासल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. पैसे लागले नाहीत. तो आत असताना मी बाकावर बसून होतो, आणि मॅडमची मदतनीस बाहेर येऊन म्हणाली, "सर, तुम्ही केली का कधी?" इतकी वर्षं मी व्यासपीठावरून 'प्रत्येकानं तपासणी करावी' म्हणत होतो. केली नव्हती. मला काय गरज, असंच होतं मनात. म्हणजे चिठ्ठीतल्या पोरासारखंच. मी आत जाऊन हात पुढे केला, आणि खोटं कशाला सांगू, सुई टोचायच्या आधी तळव्याला घाम आला होता.

कापसाचा बोळा दंडात दाबून आम्ही दोघं बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, तेवढ्यात आमच्या गल्लीतले काका समोरून आले. बीपीच्या गोळ्यांसाठी आलेले. थांबले. "काहो सर, इकडे कुठे?"

"कॉलेजचं काम होतं," मी म्हटलं. त्यांची नजर माझ्या कोपरावरच्या कापसाकडे गेली. "आणि आलोच आहे तर शुगर," मी जोडून दिलं. त्यांनी वर पाटी वाचली की नाही, मला अजून माहीत नाही. लक्ष ठेवा तब्येतीकडे म्हणून ते गेले.

परत येताना पाऊस थांबला होता. मेडिकल चौकाच्या सिग्नलला पोरगा मागून म्हणाला, "सर, तुम्ही शुगर काहून म्हटलं?"

सिग्नल सुटला. मी गाडी काढली. मागचे हॉर्न वाजवत होते, ते एक बरं झालं.

त्याचा रिपोर्ट काय आला ते मी इथे लिहिणार नाही. २०१७चा एचआयव्ही कायदा आहे, सप्टेंबर २०१८पासून लागू झालेला. संमतीशिवाय कुणाची तपासणी करता येत नाही, विश्वासानं कळलेलं कुणाचं निदान बाहेर फोडता येत नाही, आणि पॉझिटिव्ह आहे म्हणून शाळा-कॉलेजातून किंवा नोकरीवरून कुणाला काढता येत नाही. हा लेख वाचताना तुमच्या मनात 'मग काय निघालं?' असं आलं असेल तर ते माझ्याही मनात त्या बाकावर होतं. त्यानं सांगितलं नसतं तरी मला विचारायचा हक्क नव्हता. एवढं सांगतो की रिपोर्ट काहीही असता तरी मॅडम त्याला पुन्हा बोलावणारच होत्या. साफ आला तर विंडो पिरियड संपल्यावर, तीन महिन्यांनी, खात्रीसाठी. नाही आला तर दुसऱ्याच दिवसापासून औषधासाठी. तीन दिवसांत आला असतास तर, असं त्या म्हणाल्या असतील का, हे मी त्याला विचारलं नाही. रागावल्या नाहीत, एवढं तो म्हणाला.

जाताना त्यांनी त्याच्या हातात १०९७ या मोफत हेल्पलाइनचा कागद दिला आणि निरोधची पाकिटं. तो ती ठेवायला माझ्या स्कूटरच्या डिक्कीकडे वळला आणि मग स्वतःच थांबला. पिशवीत टाकली.

तीन महिने मध्ये गेले. दिवाळी झाली, सेमिस्टर परीक्षा झाल्या, मी त्याच्याकडे मुद्दाम बघायचं टाळत होतो आणि बहुतेक तोही. एका रविवारी रात्री मोबाइल वाजला.

'सर उद्या मेडिकलले जाऊन राहिलो. तुम्ही येऊ नका. रस्ता माहीत हाय.'

मी बराच वेळ टाइप करत होतो, पुसत होतो. शेवटी लिहिलं : पार्किंगला सुट्टे दहा रुपये ठेव, तिथला माणूस परत देत नाही.